पारण्याची वेळ

उपास कसा करावा हे सांगणारी माणसे आपल्या समाजात उदंड आहेत. तो सोडावा केव्हा हे नेमके सांगणारा मात्र विरळा. पंचांगात एकादशी ठळक अक्षरांत छापलेली असते, दुसऱ्या दिवशीची पारण्याची वेळ मात्र शोधून काढावी लागते. वस्तुतः आपल्या शास्त्राने या दोहोंना सारखेच महत्त्व दिले आहे. एकादशी निष्ठेने केली आणि द्वादशी चुकविली, तर व्रताचे फळ पदरात पडत नाही, असे आपण लहानपणापासून देवळातील कीर्तनांत ऐकत आलो आहोत. व्रताला आरंभ आहे तसा अंतही आहे, आणि तो अंत वेळेवर साधणे हा व्रताचाच भाग आहे. हे वचन कानांना परिचयाचे होते. त्याचा अर्थ मात्र आम्हांस उमगला तो इस्पितळाच्या खाटेवर.

ही हकीकत २०२२ सालच्या आषाढातील आहे. एकादशी रविवारी, १० जुलैला होती. त्या आधीच्या गुरुवारी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, आम्हांस एकाएकी मळमळून उलटी झाली आणि ती रक्ताची निघाली. प्रथम कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट आणि मागाहून लालभडक. घरच्यांनी तशाच पावसात मोटार काढली. इस्पितळात पोहोचेपर्यंत आमच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. रात्रीत दोन बाटल्या रक्त चढविले, आणि शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास तोंडातून दुर्बीण घालून पोटाची तपासणी झाली. जठर संपून लहान आतडे जेथे सुरू होते त्या वळणावर एक व्रण होता आणि त्याच्या तळाशी एक रक्तवाहिनी उघडी पडली होती. डॉक्टरांनी व्रणाभोवती औषधाची सुई टोचली, त्या वाहिनीला धातूचा एक इवलासा चिमटा लावला, आणि रक्त थांबले. खाटेच्या उशाशी पाटी लागली : ‘तोंडाने काहीही देऊ नये.’

रक्त थांबले, तसा खाटेभोवती दुसरा प्रश्न उभा राहिला : आता खायचे केव्हा?

आजारी माणसाच्या खाटेभोवती जमणारे आप्तमंडळ म्हणजे एक न्यायालयच असते. फरक इतकाच की तेथे पुरावा कोणी मागत नाही. आमच्या मामांचे मत पडले की आठ दिवस पाण्याचा थेंबही देऊ नये. जखमेवरून अन्न घासत गेले की ती पुन्हा फुटणार. आमच्या मेहुण्यांच्या वडिलांना १९६० च्या सुमारास असाच विकार झाला होता आणि दर तासाला थंड दूध पाजून ते बरे झाले होते. तेव्हा दूधच द्यावे, हा त्यांचा पक्ष. काकींनी पित्तावर उत्तम म्हणून कोकमाचे सरबत बाटलीत भरून आणले होते. प्रत्येकाच्या बोलण्यात माया ओतप्रोत होती, आणि कोणाचेही म्हणणे दुसऱ्याशी जुळत नव्हते.

या सर्वांत आमची आई मात्र एक शब्दही बोलली नव्हती. तिने पहाटेच कवळ्याच्या शांतादुर्गेच्या तसबिरीपुढे उभे राहून निश्चय केला होता. सून चहाचा पेला घेऊन गेली तेव्हा तो बाहेर पडला : “पूत जेवसर म्हाका जेवण नाका.” पुत्र जेवीपर्यंत आपल्याला अन्न नको. तिचे वय तेव्हा ७२ वर्षांचे. तिला मधुमेह आहे, आणि साखर उतरविणारी गोळी ती रोज सकाळी घेते. औषधाने व्रत मोडत नाही हे तिला पक्के ठाऊक असल्यामुळे त्या दिवशीही तिने गोळी नेमाने घेतली, आणि पोटात मात्र काही घातले नाही. मधुमेही माणसाच्या बाबतीत याहून धोक्याचा उपास दुसरा नसेल. अशा रीतीने, आमच्या तोंडात घास केव्हा पडावा हा प्रश्न एका जिवाचा होता तो दोन जिवांचा झाला.

दुपारी चारच्या सुमारास आमची पुतणी धावत आली. आजी बाहेरच्या बाकावर बसली आहे, घामाने चिंब झाली आहे, हात कापताहेत आणि बोलणे अडखळते आहे, असे तिने सांगितले. विभागातील डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण शांत होत्या. त्यांनी आईला चाकाच्या खुर्चीवरून आमच्याच खोलीत आणविले आणि बोटाचे रक्त तपासले. साखर ५४ निघाली. साखरेच्या पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा आईने मान फिरविली. सिस्टरांनी शिरेतून साखर देण्याची तयारी केली, तर आई हातही पुढे करीना.

डॉक्टरीणबाई आमच्याकडे वळल्या. “वकीलसाहेब, सात तास तुमची नाडी आणि रक्तदाब स्थिर आहेत, पुन्हा रक्त गेल्याचे लक्षण नाही. आज संध्याकाळी तुम्हांला साधे पाणी सुरू करायचे असे दुर्बिणीच्या डॉक्टरांनी सकाळीच लिहून ठेवले आहे. आजींच्यासाठी मी ती वेळ एक मिनिटही अलीकडे ओढली नसती. पण वेळ झालीच आहे.” असे म्हणून त्यांनी स्वतः दोन चमचे पाणी आमच्या तोंडात घातले.

आईने ते पाहिले आणि क्षीण आवाजात म्हणाली, “हें जेवण न्हय.”

वकिलाचा जन्म कायद्यातील शब्दांचा अर्थ लावण्यात जातो. नवसाच्या शब्दांचा अर्थ लावण्याचा प्रसंग मात्र आमच्यावर पहिल्यानेच आला, आणि तोही उताणे पडून. आम्ही म्हणालो, “आई, अंबरीषाने काय केले ते आठव.”

वाचकांना अंबरीषाचे आख्यान ठाऊक आहे. भागवताच्या नवव्या स्कंधात ते येते. राजाने वर्षभर द्वादशीव्रत केले. कार्तिकात तीन रात्री उपास करून तो पारण्याला बसणार, तोच दुर्वास अतिथी म्हणून आले. भोजनाचे आमंत्रण स्वीकारून ते यमुनेवर स्नानाला गेले आणि तेथेच ध्यानात रमले. इकडे द्वादशी संपायला अर्धा मुहूर्त उरला, म्हणजे अवघी चोवीस मिनिटे. अतिथीच्या आधी जेवावे तर दोष, आणि द्वादशी टाळावी तर व्रत बुडाले. राजाने जाणत्या ब्राह्मणांना विचारले. त्यांनी निर्णय दिला की नुसते पाणी प्यावे. पाणी प्यालेला मनुष्य जेवलाही असतो आणि न जेवलेलाही असतो. राजा पाणी प्याला. दुर्वास पुढे रागावले ते रागावलेच, पण सुदर्शनाने पाठ धरली ती दुर्वासांची. निर्णय खरा ठरला.

आईने हे आख्यान पन्नास वर्षे तरी दर चातुर्मासात ऐकले असेल. ती क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली. मग तिने पेला हातात घेतला. साखरेचे पाणी सावकाश पोटात गेले. पंधरा-वीस मिनिटांत तिच्या हातांचा कंप थांबला. आणि तिने प्रथम जे विचारले ते हे, की पुत्राला पेज केव्हा द्यायची.

त्या रात्री आम्हांस झोप नव्हती आणि डॉक्टरीणबाईंना थोडी सवड होती. वकिलाच्या स्वभावाप्रमाणे आम्ही त्यांची उलटतपासणीच घेतली. त्यांनी जे सांगितले, आणि मागाहून वाचून आम्हांस जे कळले, ते येथे थोडक्यात मांडतो. कारण प्रत्येक घरात असा प्रसंग आला की मामा, मेहुणे आणि काकी तेच तीन पक्ष घेऊन हजर होतात.

उशाशी लागलेली ती पाटी म्हणजे आमच्या परिभाषेत अंतरिम मनाई हुकूम होय. अंतरिम हुकुमाला कारण असते, आणि कारण सरले की हुकूमही सरतो. दुर्बिणीपूर्वी पोट रिकामे हवे, कारण अन्न असले तर व्रण दिसत नाही, आणि गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत उतरते. दुर्बिणीनंतरही काही तास थांबवितात, कारण रक्त पुन्हा सुरू झालेच तर पुन्हा दुर्बीण घालावी लागेल किंवा क्वचित शस्त्रक्रिया करावी लागेल. हुकुमाची कारणे ही इतकीच. अन्नाने जखम घासली जाते, हे त्यांत कोठेही नाही. पोटात गेलेला मऊ घास जठरात घुसळून पातळ होतो. त्याने रक्तवाहिनी फुटत नाही. रक्ताची गुठळी विरघळविणारी खरी शत्रू म्हणजे जठरातील आम्ल आणि त्याच्या जोडीचे पाचक द्रव्य. माणूस उपाशी असला म्हणून आम्ल सुटायचे थांबत नाही. उलट अन्न काही काळ ते शोषून घेते. आम्लाला आवर घालतात ती आजची औषधे. आमच्या शिरेतून अहोरात्र थेंब थेंब चालले होते ते औषध त्यासाठीच होते. ते ७२ तास चालवायचे होते, कारण असा व्रण पुन्हा वाहिला तर बहुधा पहिल्या तीन दिवसांतच वाहतो.

हे ज्ञान वैद्यकालाही सहजी लाभलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत लॉयबे यांची पद्धत मान्यता पावली होती : पूर्ण विश्रांती, प्रथम उपास, आणि मग जपून दूध. विसाव्या शतकाच्या आरंभी हॅम्बुर्गच्या लेनहार्ट्झ यांनी ती मोडली आणि रक्त गेलेल्या रोग्यांना लगोलग फेटलेली अंडी आणि थंड दूध देण्यास सुरुवात केली. १९१५ साली शिकागोच्या सिप्पी यांनी दर तासाला दूध-साय आणि मधूनमधून क्षार असा क्रम घालून दिला. आमच्या मेहुण्यांच्या वडिलांचे ते तासातासाचे दूध शिकागोहूनच निघून गोव्याला पोहोचले असावे. पुढे कळून आले की दुधाने जळजळ क्षणभर शमते, परंतु थोड्या वेळाने आम्ल अधिकच सुटते. म्हणून नुसत्या दुधाचा तो क्रम आता मागे पडला.

या सर्वांत धाडस केले ते कोपनहेगनच्या मॉयलनग्राख्त यांनी. १९३० नंतरच्या वर्षांत त्यांनी रक्त गेलेल्या रोग्यांना पहिल्याच दिवसापासून पोटभर अन्न दिले. लापशी, पाव-लोणी, अंडी, कुस्करलेल्या भाज्या, बारीक केलेले मांस, जे मऊ करता येईल ते सर्व. त्यांचे म्हणणे असे की आधीच रक्त गेलेला मनुष्य उपासाने आणि तहानेने आणखी खंगतो, आणि पुष्कळदा तेच त्याला भोवते. १९३५ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. उपाशी ठेवलेल्या रोग्यांच्या मानाने त्यांचे रोगी फारच कमी दगावले होते. या यशाचे सारे श्रेय अन्नालाच देता येणार नाही. तथापि अन्न दिल्याने रोगी मरतो, ही समजूत त्यांनी पुराव्यानिशी खोडून काढली. कोणत्याही न्यायालयात एवढे पुरेसे आहे.

आज निर्णय होतो तो व्रणाचे रूप पाहून. आम्हांस हा फरक विशेष पटला, कारण तो एकाच कलमाखाली येणाऱ्या निरनिराळ्या गुन्ह्यांसारखा आहे. दुर्बिणीत व्रणाचा तळ स्वच्छ दिसला, किंवा जोराच्या उलटीने अन्ननलिकेच्या टोकाशी पडलेली लहानशी चीर आपोआप थांबलेली आढळली, तर अशा रोग्याला त्याच दिवशी नेहमीचे जेवण देता येते आणि पुष्कळदा घरीही जाता येते. त्याला आठ दिवस उपाशी ठेवणारा मामा त्याचे नुकसानच करतो. व्रण वाहता असेल, किंवा आमच्यासारखी उघडी वाहिनी असेल आणि ती बंद करावी लागली असेल, तर काही तासांत पाणी व इतर निवळ पेये, ती सोसली की पुढच्या एकदोन दिवसांत पातळ आणि मऊ अन्न, आणि एकंदर तीन दिवस इस्पितळात नजरेखाली, असा साधारण क्रम असतो. काही तास इकडे की तिकडे याबद्दल डॉक्टरा-डॉक्टरांत मतभेद असतात, आणि ते ज्याच्या त्याच्या व्रणावर अवलंबून असतात.

तिसरा प्रकार यकृताच्या रोग्यांचा. त्यांच्या अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटतात आणि त्या रबराच्या बारीक कड्यांनी बांधाव्या लागतात. कडी पुढे गळून पडतात तेथे लहान व्रण राहतात. म्हणून आरंभी पातळ, मग काही दिवस मऊ अन्न, आणि टणक, टोकदार पदार्थ वर्ज्य. येथेही फार काळ उपास घडविणे बरे नव्हे. ज्याचे यकृत कठीण झाले आहे अशा माणसाच्या शरीरात साठवण नसते. रात्रभराच्या उपासानेच ते स्वतःचे स्नायू जाळू लागते. म्हणून त्याला निजण्यापूर्वी काही खायला द्यावे, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. अशा माणसाने निर्जळी एकादशी करणे हे भक्तीचे लक्षण आहे असे आम्हांस वाटत नाही.

काकींचे कोकम सरबत मात्र परत गेले, आणि त्याचे कारण ऐकून काकीही हसल्या. ते विषारी म्हणून परत गेले नाही. लाल म्हणून गेले. पहिल्या दिवसांत रोग्याला पुन्हा उलटी झाली तर तिच्यातला लाल रंग रक्ताचा की कोकमाचा, हे कोणी ठरवायचे? म्हणून बिटाचा रस, कोकम आणि लाल सरबते तेवढे दिवस दूर ठेवतात. पुराव्यात गोंधळ नको, हे तत्त्व आमच्या व्यवसायातलेच आहे.

शनिवारी, दशमीला, सकाळी गाळलेले शहाळ्याचे पाणी आणि दुपारी उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ मिळाली. किंचित मीठ घातलेली ती कोमट निवळ जिभेवर आली तेव्हा, रक्त देणाऱ्या त्या दोन अनोळखी माणसांच्या खालोखाल आम्ही तांदळाचे ऋणी झालो. रात्री पेज आली, तीत शितेही होती. आयुर्वेदाने शोधनानंतर जो संसर्जनक्रम सांगितला आहे, आधी पेया, मग दाट विलेपी, मग यूष, आणि मग पूर्ण अन्न, त्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. विझू पाहणाऱ्या लहानशा अग्नीला आधी गवताची काडी द्यावी, मोठे लाकूड एकदम घालू नये, हा त्यामागील विचार. तो क्रम या विकारासाठी सांगितलेला नाही, आणि चिमटा लावलेल्या रक्तवाहिनीची चिकित्सा त्यात शोधणे योग्य नाही. तरी जेवणाकडे परत येण्याच्या पायऱ्या आपल्या आज्यांना कोणी शिकविल्या असाव्यात, हे त्यावरून ध्यानात येते. पेज ही आपल्याकडे गरिबाची न्याहारी आहे तशी रोग्याची पहिली पायरीही आहे.

रविवारी एकादशी. डॉक्टरांनी मऊ भात आणि मुगाचे पातळ वरण लिहून दिले होते. आता अडचण अशी की आषाढी एकादशीला आमच्या घरी तांदळाचा दाणाही शिजत नाही. आई लग्न होऊन आल्यापासून हा नियम एकदाही मोडलेला नव्हता. पत्नीने इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून भात मागवायचे ठरविले होते, म्हणजे आईला विचारावे लागू नये. पण दुपारी बाराच्या ठोक्याला आई स्वतः डबा घेऊन आली. डबा उघडला तो आत मऊ भात, वर तुपाचा थेंब. आम्ही तिच्या तोंडाकडे पाहिले. ती म्हणाली, “वखदाक एकादस ना.” औषधाला एकादशी नसते. आणि तिने चमचा भरला. तिचा स्वतःचा उपास त्या दिवशी होता; पण डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे सकाळच्या गोळीत बदल करून, दूध, फळे आणि शिजवलेली रताळी वेळच्या वेळी घेऊन. सोमवारी सकाळी, द्वादशीला, आमचे ७२ तास पुरे झाले. शिरेतील नळी निघाली, औषध गोळीच्या रूपाने सुरू झाले, आणि दुपारी आम्ही घरी आलो.

आईचे ते तीन शब्द हे तिच्या पदरचे नव्हते. आपल्या धर्मनिबंधांचाच तो निर्णय आहे. आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही असे तेथे सांगितले आहे : पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. बाल, वृद्ध आणि रोगी यांना उपासाच्या नियमांतून सूट आहे. कायदा जितका कडक, तितके त्याचे अपवाद काळजीपूर्वक लिहिलेले असतात, हा आमचा व्यवसायातील अनुभव आहे; आणि शहाण्या माणसाने नियम पाठ करताना अपवादही पाठ करावेत. आम्हांला राहून राहून नवल वाटते ते याचे, की नियम देवळात मोठ्याने सांगितले जातात आणि अपवाद मात्र घरातल्या म्हाताऱ्या बाईला कोणीतरी आठवून द्यावे लागतात.

पुढे कळले की आमचा व्रण एका जंतूमुळे झाला होता. वकिलीतील ताणामुळे हे होणारच होते, असे सांगणारे अनेक जण भेटले. वस्तुतः ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे वॉरेन आणि मार्शल या दोघांनी १९८२ साली हा जंतू वाढवून दाखविला, आणि २००५ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. व्रण पुष्कळदा या जंतूने होतात किंवा वेदनाशामक गोळ्यांनी होतात. मिरचीला आणि चिंतेला उगाच बदनाम केले गेले. चौदा दिवसांची औषधे घेऊन आणि मागाहून तपासणी करवून तो जंतू गेल्याची आम्ही खात्री करून घेतली. महिन्याभरात आमच्या ताटात लोणच्याची फोड परत आली. मद्य आणि तंबाखू यांना मात्र डॉक्टरांनी अपवाद ठेवला नाही.

आता चातुर्मास आला की देवळाच्या सभामंडपात बसलेल्या मंडळींकडे आमचे लक्ष निराळ्या रीतीने जाते. गुडघ्यांसाठी रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेऊन प्रदक्षिणा घालणारे वृद्ध असतात. एकदा पोटातून रक्त गेलेले आणि तरी पहिल्यासारखेच सोमवार करणारे असतात. मधुमेहाची गोळी घेऊन निर्जळी करणाऱ्या आमच्या आईसारख्या माउल्या असतात. त्यांना आमची हात जोडून विनंती एवढीच, की उपासाला बसण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि ज्यांच्या घरी असा रोगी इस्पितळातून येईल, त्यांनी तेथून निघण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत : दुर्बिणीत नेमके काय दिसले, पाणी, मऊ अन्न आणि नेहमीचे जेवण हे प्रत्येकी केव्हा सुरू करायचे, आणि कोणते लक्षण दिसले तर सर्व काही थांबवून परत यायचे. या तिसऱ्याचे उत्तर आम्हांस असे मिळाले होते : पुन्हा रक्ताची किंवा काळी उलटी, डांबरासारखे काळे चिकट शौच, भोवळ, छातीत धडधड. यांपैकी काहीही दिसले तर घरात काही खाऊ-पिऊ न घालता, चर्चा न करता, मोटार काढावी.

बाकी ज्याला डॉक्टरांनी खायला सांगितले आहे, त्याला खाऊ घालावे. भीतीने लांबविलेला उपास देवाच्या खात्यावर जमा होतो असे आम्ही कोठेही वाचलेले नाही. पंचांगातील पारण्याची वेळ पाहताना आपण घटका आणि पळे मोजतो. रोग्याच्या पारण्याची वेळही तितक्याच काटेकोरपणे विचारून घ्यावी, आणि ती आली की घरातल्या कोणाच्याही मतासाठी ती चुकवू नये.